खाल्लेलं अंगी लागावं

नाव सुमन लिव्हा, पण सुमनबाई लिव्हू नगा. सुमनबाई मला फकस्त बँकेत म्हणत्यात. गावात मी बापूची बायको, न्हाईतर आत्याबाईची सून, आन् आलीकडं लोकं कोंबडीवाली बी म्हणायले. म्हणू द्या की. त्या कोंबड्यांनीच मला माझ्या घरात बसून भाकर खायला लावली, मग कोंबडीवाली म्हणल्याचं वाईट कावून वाटून घेऊ? माझं माहेर युसूफ वडगावाच्या अंगाला एका वस्तीवर, पण जलम काई तिथं झाला न्हाई, जलम झाला उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीमंदी. कोणता कारखाना व्हता ते माझ्या आईला बी याद न्हाई, ती म्हणायची नदी व्हती बग जवळ, पाण्याला लांब जावं लागलं न्हाई. तर मी नदीकाठची म्हणा. तवापासून दरसाल दिवाळी झाली की गाडीत बसायचं आन् पाडव्याच्या आगंमागं घरी यायचं, लगीन झालं तरी तेच, नुसती गाडी बदलली. माहेरची गाडी केजाहून निघायची, सासरची पाटोद्याहून.

तुमाला कोयता म्हणलं की लोखंडाचा वाटत आसंल. मुकादमाच्या तोंडी कोयता म्हणजे नवरा-बायकूची जोडी. किती कोयते हायत तुझ्या टोळीत, आसं इचारत्यात, म्हणजे किती जोड्या. नवऱ्यानं तोडायचं, बायकूनं मोळी बांधायची, दोघांनी मिळून गाडीत चढवायची. एक आजारी पडला की कोयता अर्धा झाला, आन् अर्ध्या कोयत्याला कोण ठिवून घेतंय. म्हून आमच्यात एक रीतच हाय बगा, जोडीतलं एक माणूस नरमलं तर दुसऱ्यानं त्याच्या वाटचं काम करायचं आन् आपल्या वाटची भाकर मोडून त्याला द्यायची, कावून तर ते लवकर उठावं. नवं लगीन झालं तवा ह्यांना एकदा ताप आलता, मी तोडलं बी आन् बांधलं बी, आन् माझी भाकर त्यांच्या पुढं सरकावली, म्हणलं खा, मला भूक न्हाई. भूक कशी नसंल हो, आतडी पिळत व्हती. पण ते ध्यानात ठिवलं त्या माणसानं. ध्यानात ठिवलं म्हूनच पुढचं सगळं रामायण झालं, ते सांगते, जरा दम धरा.

आमचे हे म्हणजे बापू, सगळं गाव बापूच म्हणतंय, मी काई नाव घेत न्हाई. माणूस लई गरीब सभावाचा. माझं तोंड चालतं, त्यांचे हात चालत्यात. पान न्हाई, तंबाखू न्हाई, दारू तर हाताला शिवली न्हाई, माळकरी घराणं हाय आमचं. आन् आसल्या माणसाच्या पोटात एक दिवस फडात आसं दुखाया लागलं की कोयता हातातून पडला, सरीत आडवा झाला, घामानं भिजला, उलट्या थांबंनात. तिथल्या दवाखान्यातून बीडला आणलं, मोठ्या दवाखान्यात. आन् सोयरे बगायला यायचे ते काय म्हणायचे म्हाईत हाय का, पीत आसंल चोरून. एक तर ह्यांच्या खाटंजवळ बसून म्हणला, हे काय आता उठत न्हाई. मी तिथंच झाडला त्याला, म्हणलं, तुमी आधी उठा, तुमी बसलाव तो स्टूल नर्सबाईचा हाय.

डॉक्टरसाहेबांनी मग मला बाजूला घेऊन सांगितलं. देवमाणूस. म्हणले, बाई, दारूचा काई संबंध न्हाई, पित्ताचा खडा खाली सरकला आन् वाटंत आडकला, त्यानं स्वादुपिंडाला सूज आली. मी म्हणलं, काय आली? स्वादुपिंड. मला वाटलं देवाचा नैवेद्यच हाय काईतरी. त्यांनी आपल्या पोटावर हात ठिवून दाखिवलं, जठराच्या मागं आडवी एक गाठीवाणी पट्टी आसती, त्यातून रस निघतो, आन् त्या रसानं आन्न जिरतं. तोच रस आतच कोंडला म्हणजे आपल्याच मांसाला खाया लागतो. जीव वाचला बगा त्यांच्या हातानं, त्या साहेबांचं मी मरूस्तोवर नाव घेईन. पण ती पट्टी निम्मी वाळून गेली. घरी आलो आन् माणूस जेवतंय चांगलं, पण अंगी काई लागंना. खाल्लं तसं जायचं, तेलकट, पांढुरकं, पाण्यावर तरंगायचं. डॉक्टर दर खेपंला तेच इचारायचे, रंग कसा, तरंगतं का. मला मेली लाज वाटायची, पण सांगायची सगळं. मग त्यांनी त्या कॅप्सूल दिल्या. आत बारीक बारीक दाणे आसत्यात, खसखशीहून जरा मोठे. जो रस आतून येत न्हाई तो त्या दाण्यांतून भेटतो. पहिल्या घासाबरोबर गिळायच्या, आन् जलमभर.

आमच्या आत्याबाईंची एक सवय हाय, ताटात वाढलं की म्हणायचं, अंगी लागू दे. लेकराला वाढलं तरी, पाव्हण्याला वाढलं तरी, कुत्र्याला भाकर टाकली तरी. आदी मला ते काई वाटायचं न्हाई. त्या दुखण्यापासून त्यांनी लेकाच्या ताटात भाकर टाकून आसं म्हणलं की मी हातातला घास परत ताटात ठिवायची.

तर कोयता संपला. ह्यांच्यानं मोळी उचलवंना, जास्त वाकवंना. घरी काय करायचं, जिमीन मुरमाड, आभाळ आलं तर पिकतंय. माझा भाऊ गवंडी हाय, तो म्हणला, ताई, रोडच्या कडंला तुमचा तुकडा हाय, तिथं पोल्ट्रीचं शेड टाका, पिल्लं कंपनी देती, खुराक कंपनी देती, दवा कंपनी देती, तुमी नुसती संभाळायची, मोठी झाली की त्यांचीच गाडी येऊन नेती. त्यानंच भिंती उचलून दिल्या, वर पत्रे चढवले, जाळी मारली. पैशापाण्याचं म्हणाल तर भावाचं मी आजून फेडते हाय आन् तो आजून घेत न्हाई, आमचं भांडण चालूच हाय. भाऊ आसावा तर आसा.

पहिली पिल्लं आली तो दिस तुमाला काय सांगू. खोक्यांतून चिवचिव चिवचिव, पिवळा धम्मक कापूस. कंपनीच्या पोरानं सांगितलं, लांबून आलेत, थकलेत, पहिलं गुळाचं पाणी पाजा. आत्याबाई म्हणल्या, हे काय सांगाया लागतंय व्हय, पाव्हणं दारात आलं की गूळपाणी देतच आसत्यात. आन् आमचे हे, ज्या माणसाच्यानं उसाच्या शेंड्याच्या चार वाढ्यांची पेंडी उचलत नव्हती, ते मांडी घालून बसले आन् एकएक पिल्लू उचलून त्याची चोच पाण्यात बुडवून सोडाया लागले. एक बुडवलं की दुसरं. म्हणलं, आहो, बाकीची आपोआप शिकतील की. तर म्हणले, तुला घाई हाय तर तू जा. त्या दिवसापासून शेड त्यांचं झालं. भुशाला हात लावून बगायचे, ओला न्हाई ना. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली तर गारठा हाय, लांब पळाली तर उकाडा हाय, हे मला त्यांनी शिकवलं. जेवण बी तिथंच, शेडाच्या दारात, खिशात गोळ्यांचं पाकीट.

एका येळंला आलेली पिल्लं म्हणजे एक लॉट, तसे चांगले लॉट निघाले. पोरगी आमची एकाच शाळंत टिकली, हे लिव्हा, एका शाळंत. मी कदी आख्खं वरीस एका शाळंत बसले न्हाई. दिवाळी झाली की टोळ्यांच्या गाड्या आमच्या शेडापुढून जायच्या, बाया हात करायच्या, मी बी करायची. गाडी दिसंनाशी व्हईस्तोवर उभी राहायची.

मग तो लॉट आला. पहिला आठवडा चांगला गेला. दुसऱ्यात बगते तर काई पिल्लं वाढंनात. बाकीची ह्येवढी झाली आन् ती आली तेवढीच. पोट मोठं, पाय पांढरे फटक, आन् पंखाची पिसं कशीबी उभी, एक इकडं एक तिकडं. कंपनीची पोरं त्याला हेलिकॉप्टर म्हणत्यात. आन् नवल हे की खायाचं सोडंनात. रिकामी झाली की परत खुराकावर, खुराक सरला की भुसा बी खायाची, आन् खाली बगावं तर मक्याचा भरडा जसाच्या तसा पडलेला, पिवळा, पाणचट. मी वाकून ते परत बगितलं. बाई, हे तर मी बगितलेलं हाय की, माझ्या घरातच बगितलेलं हाय. ह्यांच्याकडं बगितलं तर ते खाली मान घालून बसलेले.

कंपनीनं डॉक्टरीणबाई धाडली. तरणी पोर, गाडीवर आली, चपला बाहेर काढून आमच्या शेडातले बूट घालून आत गेली, तवाच मला बरी वाटली. मेलेलं एक लहान पिल्लू घेतलं, एक चांगल्या अंगाचं घेतलं, दोन्ही कापून शेजारी ठिवली. म्हणली, मावशी, इकडं बगा. आतड्याचा पयला येढा वळतो ना, त्या वळणाच्या मधोमध ही पट्टी दिसती का, चांगल्या पक्ष्याची बगा कशी भरलेली हाय. आन् ह्या बारक्याची बगा. बारक्याची म्हणजे नुसता दोरा, पांढरा. म्हणली, ह्याला स्वादुपिंड म्हणत्यात. मी म्हणलं, म्हाईत हाय. ती चपापली, म्हणली, तुमाला कसं म्हाईत? मी म्हणलं, माझ्या मालकाचं बी वाळलंय. पोरीला हसावं का रडावं कळंना. मला बी कळंना. कोंबडीला बी तेच नाव, तेच ठिकाण, तेच काम. देवानं एकच साचा वापरलाय, बगा.

मग तिनं बसून सगळं समजून सांगितलं, घाई न्हाई, तोऱ्यात न्हाई. म्हणली, हा इषाणूचा आजार हाय, आतड्याला धरतो, आन्न जिरत न्हाई, म्हून वाढ खुंटती. कुठून आला ते सांगता येत न्हाई, पिल्लासंगं आला आसंल, भुशातून आला आसंल, कुणाच्या माथी मारता येत न्हाई. ह्याच्यावर दवा न्हाई. जी चांगली हायत ती वाचवायची. ऊब द्या, भुसा कोरडा ठिवा, पाणी निर्मळ, खुराक थोडा थोडा ताजा टाका. बारकी येगळी करा. आन् जी उठणार न्हाईत ती काढून टाकावी लागतील, न्हाईतर ती खात राहत्यात आन् रोग पसरवत राहत्यात. मी आठ दिवसांनी येते, तवर बगा.

उठणार न्हाईत, हे तिनं म्हणलं आन् ह्यांनी वर बगितलं. मला तवाच समजायला पायजे व्हतं. दवाखान्यात त्या सोयऱ्यानं हेच म्हणलं व्हतं, आन् ह्यांनी डोळे मिटलेले आसले तरी कानानं ऐकलं व्हतं.

त्याच आठ दिवसांत मुकादम दारात आला. तसा वाईट माणूस न्हाई, वरसानुवरसं त्याच्याच गाडीत बसलोत आमी. खाटंवर बसला, पाणी प्याला, म्हणला, काय बे बापू, कोंबड्याला रोग पडला म्हणं. ह्यांनी मान हालवली. मुकादम म्हणला, कंपनीनं एकदा पिल्लं बंद केली की परत देत न्हाई बे, शेड रिकामं ठिवून काय चाटणार हायस का, गाडीत जागा हाय, तुझ्यानं तोडाया व्हणार न्हाई पर वाढं बांधशील, पोरगी आता मोठी झाली, ती मोळी उचलंल. पोरगी आतमंदी पुस्तक घेऊन बसलेली. मी चूल फुंकत व्हते ती उठून आले, म्हणलं, मुकादम, तुमी आमच्या घरी पाणी पिलाव, तुमाला उलटं बोलाया नगं, पर माझ्या पोरीचं नाव तुमच्या टोळीत घ्यायचं न्हाई. कोयता माझा आन् ह्यांचा व्हता, तो मोडला. मुकादम म्हणला, रागवू नगंस सुमन, माझी गाडी दिवाळीनंतर हाय, मन बदललं तर सांग. गेला. बोलायला मी बोलले, पर खरं सांगू का, कंपनीनं पिल्लं बंद केली आसती तर मला गाडीत बसावंच लागलं आसतं, दुसरं काय व्हतं हातात. आन् मी बसले आसते तर पोरीला कुणाजवळ ठिवायचं. ह्या आजारी माणसाजवळ?

ह्या दिवसांत हे दिसभर बारक्यांच्या कोपऱ्यात. मी म्हणलं, चांगल्यांकडं बगा, बाई काय म्हणली. व्हय व्हय म्हणायचे आन् परत तिथंच. खुराक हातानं चुरून द्यायचे. मला वाटलं, बसतंय तर बसू दे, मन रमतंय. पण माणूस उतराया लागला. पायजम्याची नाडी आत आत यायली. जेवताना पोटाला हात लावून थांबायचे. परसाकडं गेले तर मी मागून जाऊन बगून आले, हसू नगा, माझी निम्मी जिंदगी दुसऱ्याचं बगण्यातच गेली, आधी ह्यांचं, मग कोंबड्यांचं. तर तेच, तेलकट, तरंगलेलं. मी म्हणलं, आहो गोळ्या घेताव ना? घेतो की म्हणले. पाकीट तर रिकामं व्हत जात व्हतं, मग आसं कावून?

कापडं धुयाला घेतली. ह्यांचा सदरा पाण्यात बुडवला आन् खिशाला हात लावला तर खिसा चिकट, लगदा. उलटा केला. कॅप्सूलची टरफलं. रिकामी टरफलं, भिजून एकाला एक चिटकलेली, त्याचा तांबडा रंग सगळ्या सदऱ्याला लागलेला. गिळलेल्या गोळीचं टरफल खिशात कसं येतंय? आन् मग ध्यानात आलं, ह्या माणसानं आपल्या गोळ्या उघडून आतले दाणे खुराकात कालवून त्या बारक्यांना चारले.

ओला सदरा तसाच हातात घेऊन मी शेडावर गेले. काय काय बोलले ते लिव्हू नगा. म्हणलं, तुमी काय कोंबड्याचे बाप हाव का? डॉक्टरनं जलमभर घ्या म्हणून सांगितल्या त्या ह्या पाखराला? मी रांडमुंड होऊ का? पोरीनं काय करायचं? ते आपले भुशावर बसलेले, मांडीवर एक बारकं. सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणले, सुमन, ह्यांच्यात बी तेच वाळलंय. मला दाण्यांनी फरक पडला, म्हणलं ह्यांना बी पडंल. ही उठली की लॉट उठंल, लॉट उठला की कंपनी पिल्लं दील, मग तुला कोयता धरावा लागायचा न्हाई. म्हणलं, आन् तुमी? तर काय म्हणले, तूच दिली व्हतीस की माझ्या तापात तुझी भाकर, तवा तुला भूक नव्हती का?

मी त्यांच्या शेजारी बसले तिथंच. रडले, खोटं कशाला सांगू, त्या कोंबड्यांच्यात बसून हुंदके देऊन रडले. आत्याबाई काठी टेकत आल्या, त्यांना सांगितलं तर त्यांनी लेकाच्या पाठीत एक धपाटा घातला. आन् मग तिथंच पाठीवरून हात फिरवत बसल्या.

डॉक्टरीणबाई परत आली तवा मी काईच झाकून ठिवलं न्हाई. त्यांच्या पुढ्यातच सांगितलं, ह्यांनी आसं आसं केलं. ती खुराकाच्या पोत्यावर बसून हसाया लागली, मोठ्यानं, आन् हसता हसता तिनं चष्मा काढला आन् डोळे पुसले. म्हणली, काका, आहो खुराकात पाचक आमी घालूनच धाडतो, कारखान्यातच कालवत्यात. तुमच्या दाण्यांनी ह्या पिल्लांत काई फरक पडणार न्हाई, ह्यांचं आतडंच रोगानं झिजलंय. आन् हे पाखरू तसंबी महिना-दीड महिन्याचं पाव्हणं. तुमाला बायको-लेकरासंगं लई जगायचंय. मग मला म्हणली, मावशी, ताट वाढा. माझ्यासमोर वाढा. मी भाकर, पिठलं, ठेचा न्हाई, तिखट चालत न्हाई ह्यांना, आसं ताट आणलं. तिनं ह्यांच्या तळहातावर कॅप्सूल ठिवली, म्हणली, गिळा. गिळली. म्हणली, आ करा. त्यांनी आ केला. मग म्हणली, आता जेवा. जेवण व्हईस्तोवर ती पोर तिथून हालली न्हाई. दुसऱ्या गावाला जायचं व्हतं तिला, फोन वाजत व्हता, तरी बसली. आन् जाताना मला म्हणली, मावशी, ह्यांना दवाखान्यात दाखवून आणा, उद्याच. आमी गेलो बी. तिथल्या साहेबांनी बी ह्यांना झापलं थोडं, पर दवा वाढवून दिली.

मग बारकी काढायची येळ आली. मी आन् बाई दोघी, लांब खड्डा घेतलेला, चुना आणून ठिवलेला. मी ह्यांना म्हणलं, तुमी देवळात जाऊन बसा. न्हाई गेले. कोपऱ्यातून एकएक पिल्लू त्यांनी सोताच्या हातानं उचललं, पाण्यात चोच बुडवली, आली तवा बुडवली व्हती तशीच, एक घोट पाजला आन् बाईच्या हातात दिलं. बाईनं झटक्यात, तकलीफ न देता. शेवटचं दिलं आन् हात धुऊन ते चांगल्या पिल्लांच्यात जाऊन बसले. त्या दिसापासून मन लावून चांगल्यांकडं बगाया लागले.

राहिलेला लॉट जगला. लई भारी वजन न्हाई आलं, पर जगला, गाडी भरून गेला. मग बाईच्या सांगण्यावरून सगळा भुसा काढून लांब टाकला, फरशी घासली, चुना मारला, जाळी जाळानं शेकली, आन् शेड उघडं टाकून ठिवलं. रिकामं शेड बगवत न्हाई हो. दिवाळी झाली. कंपनीचा काई निरोप न्हाई. मुकादमाची गाडी चौकात लागली, बाया भांडी-गाठोडी चढवायल्या, मला तिथून आवाज यायचा. मुकादम गाडीवरनं माझ्या दाराकडं बगत व्हता, मी उंबऱ्यात उभी, ना व्हय ना न्हाई. गाडी निघाली. शेडापुढून गेली. मी हात केला. आन् आत येऊन पोरीला म्हणलं, तू अभ्यास कर, मी कुठंच जात न्हाई, आन् म्हणलं खरं, पर खायचं काय ते काई ठरलेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात फोन आला, बाईचाच. मावशी, शेड तापवून ठिवा, उद्या पिल्लं येत्यात. म्हणलं, बाई, कंपनीनं दिली व्हय? म्हणली, मी सांगितलं, ह्या शेडात पक्षी लावा, ह्या घरात पक्ष्याला जीव लावत्यात, जरा जास्तीच लावत्यात. आन् हसली. मी फोन ठिवून आदी देवाला न्हाई, त्या पोरीला हात जोडले. कुणाची कोण, तिच्या आईनं काय खाऊन जलमाला घातली म्हाईत न्हाई, पर तिचं भलं व्हऊ दे.

तर आता आसं चाललंय बगा. हा लॉट तुमी बगितलाच, पाय कसे पिवळे हायत, पिसं कशी बसलीत. पोरगी कॉलेजला जाती. आत्याबाईला आता दिसत न्हाई, काल काय खाल्लं ते याद न्हाई, पर सकाळी शेडाच्या दारात नेऊन बसवावं लागतं. मी भांड्यात खुराक ओतला आन् त्यांना सळसळ ऐकू आली की म्हणत्यात, अंगी लागू दे. कोंबड्याला म्हणत्यात. आन् हे शेडाच्या दारातच जेवत्यात, मी समोर बसते. पहिला घास गिळला की माझ्याकडं बगून आपसूक आ करत्यात, पिल्लावाणी, गोळी गिळली हे दाखवाया. आता विश्वास बसलाय माझा, तरी मी बगते. बगायला बरं वाटतं. वजन भरलंय जरा, ह्या गालावर बगा, दिसतंय का?

तुमी लिव्हायचं बास करा आता. लई येळ झाला, ताट वाढलंय, जेवल्याबिगर मी कुणाला जाऊ देत न्हाई. तिखट तुमच्यासाठी येगळं काढलंय. हात धुवा, बसा इथं ह्यांच्या शेजारी. घ्या, मोडा भाकर. अंगी लागू दे.